जॅकच्या भरवशावर

२०२०च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या हार्बर फ्रेट टूल्स या कंपनीने आपले सुमारे १७ लाख जॅक स्टँड परत मागवले. गाडी जॅकने उचलली की तिच्याखाली टेकू म्हणून लावायचा हा चार पायांचा लोखंडी स्टँड; आपल्याकडच्या गॅरेजांत त्याला घोडी म्हणतात. ‘पिट्सबर्ग’ या नावाने विकल्या जाणाऱ्या त्या तीन टनी आणि सहा टनी घोड्या स्वस्त होत्या, सहज मिळत होत्या आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या गॅरेजात स्वतःची गाडी स्वतः खोलून बसणाऱ्या असंख्य लोकांकडे होत्या. दोष असा निघाला, की वर गाडीचं वजन असताना ती जराशी हलली तर घोडी एकाएकी खाली बसू शकते. कंपनीने भरपाई देऊ केली. जुलैमध्ये दुसरी बातमी आली. सदोष घोडी परत करून लोक दुकानातली जी नवी तीन टनी घोडी घरी नेत होते, तिच्यातल्या काही नगांच्या वेल्डिंगमध्येही दोष सापडला होता. तीही परत मागवावी लागली, आणि कंपनीचे प्रमुख एरिक स्मिट यांना ग्राहकांसाठी जाहीर पत्र काढावं लागलं.

ही घोडी आतून कशी असते ते पाहिलं, की या दोषाचं गांभीर्य कळतं. खाली दाबून वाकवलेल्या पत्र्याचे चार पाय, वर एक नळी आणि त्या नळीत वरखाली सरकणारा बिडाचा दांडा. दांड्याच्या एका बाजूला करवतीसारखे दाते असतात. बाहेरच्या हँडलला जोडलेला एक खटका या दात्यांत अडकतो. दांड्यावर वजन आलं की तो खाली यायला बघतो, आणि खटका दात्यात आणखी घट्ट बसतो. वजन असेपर्यंत हँडल सुटत नाही. रचना हुशारीची आहे. पण सगळी भिस्त खटका दात्यात किती खोल शिरतो यावर आहे, आणि ही खोली काही मिलिमीटरांचीच असते. कंपनीने अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याला जे कारण कळवलं, ते होतं कारखान्यातल्या साचे-हत्यारांची झीज. साचा झिजत गेला तसे दाते एकसारखे उतरेनासे झाले. काही घोड्यांत खटका पुरता बसायचा, काहींत जेमतेम टेकायचा. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसायच्या. तोच रंग, तेच ‘३ टन’चं लेबल.

स्वस्त माल सगळाच वाईट नसतो. कमी किमतीत मिळणाऱ्या कितीतरी वस्तू वर्षानुवर्षं चालतात. पण किंमत खाली आणताना सहसा जे कापलं जातं, ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. साचा वेळेवर बदलणं, पोलादाला नीट उष्णता-संस्कार देणं, वेल्ड आतपर्यंत उतरला का ते तपासणं, दर खेपेतले काही नग मोडेपर्यंत वजन लावून पाहणं, या सगळ्याला पैसे लागतात आणि यातलं काहीच खोक्यावर दिसत नाही. रंग मात्र दिसतो, म्हणून तो चांगला दिलेला असतो. आणि पावडर कोटिंगचा जाड थर खराब वेल्डसुद्धा झाकतो.

म्हणून स्वतः गाडीचं काम करणाऱ्याने अवजाराची किंमत बघण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: हे अवजार मोडलं, तर त्या क्षणी माझं शरीर कुठे असेल? स्वस्त पाना नटावरून सटकला तर बोटांची सालं निघतात. स्वस्त पकड वाकली तर काम खोळंबतं. पण घोडी बसली, ग्राइंडरची चकती फुटली, दाबलेली स्प्रिंग सुटली, तर दुसरी संधी मिळत नाही. बचत करायची ती पहिल्या दोन जागी करावी.

आपल्याकडे हा विषय पूर्वी फारसा नव्हता. गाडीला काही झालं की गॅरेजवाला होता. आता चित्र बदलतंय. सर्व्हिसिंगची बिलं वाढली, यूट्यूबवर ब्रेक पॅड बदलण्यापासून क्लच उतरवण्यापर्यंतचे व्हिडिओ मराठीत-हिंदीत मिळू लागले, आणि बॉटल जॅक, बॅटरीवरची इम्पॅक्ट गन, ग्राइंडर, टायरात हवा भरायचं यंत्र असं सगळं दोन दिवसांत दारात येऊन पडतं. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात राहणारी आपली मुलं तर तिथले मजुरीचे दर पाहून ऑइल आणि ब्रेकची कामं घरीच करतात. हा छंद चांगला आहे. स्वतःच्या हाताने गाडी समजून घेणारा माणूस ती जास्त जपून चालवतो असं माझं मत आहे. पण त्याच्या हातात जे अवजार पडतं त्याची काळजी वाटते.

सुरुवात जॅकपासूनच करायला हवी, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडीबरोबर येणारा कात्रीसारखा सिझर जॅक रस्त्यात पंक्चर झालेलं चाक बदलण्यापुरता दिलेला असतो; त्याच्यावर गाडी ठेवून खाली शिरू नये, हे मालकाच्या पुस्तिकेतही लिहिलेलं असतं. बॉटल जॅक अंगाने दणकट दिसतो, म्हणून लोक त्याच्यावर जास्त विसंबतात. त्याच्या आत पंपाचा बारीक दट्ट्या आणि वजन उचलणारा जाड दट्ट्या असतो. बारीक दट्ट्या १० मिलिमीटरचा आणि जाड ३० मिलिमीटरचा धरला, तर क्षेत्रफळाच्या हिशोबाने जोर नऊपट होतो. दांडीने तोच आधी वीसपट केलेला असेल, तर हाताच्या २० किलोंच्या रेट्याने साडेतीन टन उचलले जातात. पण एकदा गाडी वर गेली की ती कशावर उभी असते? तेलाच्या एका स्तंभावर. ते तेल आत कोंडून ठेवायला असतात एक छोटी पोलादी गोळी, तेल सोडायचा एक स्क्रू आणि दोन-चार रबरी सील. गोळीच्या बैठकीत कचऱ्याचा कण अडकला तर जॅक हळूहळू बसतो. सील फाटला तर धाडकन बसतो. स्वस्त जॅकमधलं रबर कोणत्या प्रतीचं आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

वॅगन-आरसारख्या छोट्या गाडीचं वजन साडेआठशे किलोंच्या आसपास असतं आणि त्यातला मोठा वाटा इंजिनामुळे पुढे असतो. पुढचा एक कोपरा उचलला तरी जॅकवर अडीचशे-तीनशे किलो येतात. एवढं वजन छातीवर येऊन थांबलं तर बरगड्या मोडायचीही गरज नसते. छाती फुगू शकत नाही, श्वास घेता येत नाही, आणि माणूस काही मिनिटांत जातो. ओरडताही येत नाही, कारण ओरडायलाही छातीत हवा लागते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात गाडी अंगावर पडून होणाऱ्या अशा मृत्यूंचा अंदाज वर्षाला सुमारे १६८ असा दिला होता. ऑस्ट्रेलियाने गाडीचे जॅक, ट्रॉली जॅक आणि घोड्या या तिन्हींसाठी सक्तीची मानकं केली आहेत. त्यांत बसत नाही तो माल तिथे विकता येत नाही.

आपल्याकडे घोडी घ्यायचीच राहून जाते आणि तिच्या जागी विटा येतात. साइटवरून आणलेला सिमेंटचा पोकळ ठोकळा किंवा सिपोरेक्सची वीट गाडीखाली ठेवलेली मी अनेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाहिली आहे. ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत वाईट घोडी. भिंतीत ठोकळ्यावर वजन सारखं पसरून येतं, म्हणून तो तग धरतो. गाडीच्या लोखंडाची अरुंद कड त्याच्या एका रेषेवर सगळं वजन आणते, तेव्हा त्याचा कोपरा उडतो. पोलाद वाकतं, कुरकुरतं, निदान काही सूचना देतं. काँक्रीट फुटतं ते एका झटक्यात. सिपोरेक्स तर नखाने कोरता येतो इतका भुसभुशीत.

चांगली घोडी घेतली तरी खालची जमीन बघावी लागते. आपल्या इमारतींच्या आवारात बहुतेक ठिकाणी पेव्हर ब्लॉक असतात. त्यांच्याखालची खडी-वाळू पावसाळ्यात वाहून जाते आणि एखादा ब्लॉक पोकळीवर राहतो. घोडीचा एक पाय नेमका त्याच्यावर आला तर तो तिरका होतो. मे महिन्याच्या दुपारी डांबर मऊ पडतं आणि घोडीचे पाय त्यात रुततात. दोन्ही ठिकाणी खाली जाड प्लायवूडचा चौकोनी तुकडा टाकला तर वजन पसरतं. उतारावर काम करूच नये. बऱ्याच इमारतींच्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी हलका उतार दिलेला असतो. तो डोळ्याला जाणवत नाही, चाकाला जाणवतो.

हँडब्रेकचीही गंमत समजून घेतली पाहिजे, कारण इथे अनुभवी लोकसुद्धा चुकतात. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागचा भाग उचलला की ती चाकं अधांतरी जातात आणि ओढलेल्या हँडब्रेकचा उपयोग शून्य. गाडी गिअरमध्ये ठेवली तर पुढची चाकं धरली जातात खरी, पण पुढचं एकच चाक उचललं असेल तर डिफरन्शियलमुळे जमिनीवरचं दुसरं चाक फिरू शकतं. म्हणून जी चाकं जमिनीवर राहणार आहेत त्यांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून, लाकडी पाचरी किंवा जड दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये. मग गाडी उचलावी, कंपनीने खूण करून दिलेल्या जॅक पॉइंटखाली घोड्या लावाव्यात, जॅक हळू सोडून वजन त्यांच्यावर घ्यावं, आणि खाली जाण्याआधी बाजूला उभं राहून गाडीला दोन्ही हातांनी चांगलं हलवून पाहावं. घोडी बसायची असेल तर तेव्हाच बसू दे.

या सगळ्याच्या वर एक गोष्ट आहे आणि ती फुकट आहे. काढलेलं चाक भिंतीला टेकवून ठेवण्याऐवजी आडवं करून दाराच्या खालच्या पट्टीखाली सरकवून ठेवायचं. चाक काढायचं नसेल तर स्टेपनी ठेवायची. जॅक गेला, घोडी गेली, तरी गाडी त्या चाकावर येऊन थांबते आणि खालच्या माणसाला तेवढी जागा राहते. १७ लाख घोड्यांच्या त्या प्रकरणातून घ्यायचं ते हेच, की एकाच वस्तूवर जीव ठेवायचा नाही, मग ती कितीही महागाची असो.

जॅकनंतर मला सर्वांत जास्त भीती वाटते ती स्प्रिंग कॉम्प्रेसरची. शॉक ॲब्सॉर्बर बदलताना त्याच्याभोवतीची कॉइल स्प्रिंग दाबून धरावी लागते. त्यासाठी आकडे असलेले दोन लांब स्क्रू मिळतात. छोट्या गाडीची स्प्रिंग मिलिमीटरला २५ न्यूटन कडक धरली आणि १५० मिलिमीटर दाबली, तर तिच्यात सुमारे २८० ज्यूल ऊर्जा साठते. २८ किलोंचं वजन एक मीटर उंचीवरून पडावं, तेवढी. आणि ती त्या दोन आकड्यांनी धरलेली असते. स्वस्त संचातल्या स्क्रूचे आटे मऊ पोलादाचे असतात, आकड्यांना घसरू न देणारी खीळ नसते, एक बाजू जास्त आवळली गेली की स्प्रिंग कमान धरते आणि सुटते तेव्हा चेहऱ्याच्या उंचीवर असते. हे काम घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांचा अख्खा स्ट्रट काढून गॅरेजात न्यावा, तिथल्या भक्कम प्रेसवर स्प्रिंग बदलून घ्यावी, आणि परत आणून बसवावा. मजुरीचे पैसे सत्कारणी लागतात.

ग्राइंडरचं गणित वेगाचं आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. प्रत्येक चकतीवर तिचा कमाल वेग छापलेला असतो. सात इंची चकतीला साधारण ८,५०० फेरे चालतात. गार्ड काढून, भोक जुळवायला बुश घालून, मोठी चकती छोट्या ग्राइंडरवर चढवणारे महाभाग आहेत. तेव्हा चकतीच्या कडेचा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या पुढे जातो, आणि तिला झेपतो तो २८८. शिवाय या चकत्या राळेने बांधलेल्या असतात आणि त्यांना मुदत असते. मधल्या धातूच्या कड्यावर महिना-वर्ष छापलेलं असतं, बनवल्यापासून साधारण तीन वर्षांचं. कोकणातल्या दमट हवेत उघड्यावर पडलेली चकती तारीख, नाव न बघता चढवली जाते. गार्ड आणि गॉगल यांच्याशिवाय ग्राइंडर सुरूच करू नये.

इम्पॅक्ट गन घेणारे बहुतेकजण तिच्यावर घरातलेच चकचकीत सॉकेट लावतात. ते हाताच्या रॅचेटसाठी कडक केलेले असतात आणि गनच्या सततच्या ठोक्यांनी तडकून त्यांचे तुकडे उडू शकतात. गनसाठी जाड भिंतीचे, काळे इम्पॅक्ट सॉकेट वेगळे मिळतात. स्वस्त संचावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ कोरलेलं असतं, पण ते कोरायला खरोखर ते पोलाद वापरावं लागत नाही. विजेचं काम दोन वाक्यांत: ओल्या फरशीवर झोपून २३० व्होल्टचा पत्र्याचा हातदिवा गाडीखाली नेण्याचे दिवस गेले, चार्जिंगचा एलईडी दिवा घ्यावा. आणि पार्किंगमधल्या ज्या प्लगवर ग्राइंडर किंवा कॉम्प्रेसर लावता, त्याच्यामागे वीज गळताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावं.

मग घ्यावं काय? पाने-पकडींत काटकसर करायला हरकत नाही. टपारियासारख्या, नाशिकच्या सातपूरला कारखाना असलेल्या देशी कंपनीचा माल आजही सामान्य माणसाला परवडतो. वजन धरणारी वस्तू मात्र शक्यतो हातात घेऊन बघावी. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात बोहरी आळी आहे, इतर शहरांतही हार्डवेअरची अशी पेठ असते. घोडी घेताना दांडा पूर्ण वर ओढून प्रत्येक दात्यावर खटका बसवून पाहावा. आवाज प्रत्येक वेळी एकसारखा, ठाम यायला हवा. दांडा नळीत खुळखुळत असेल तर दुसरी मागावी. पाय आणि नळी जुळतात तिथला वेल्ड सलग आहे का, त्यात टोचल्यासारखी भोकं आहेत का, हे मोबाइलच्या दिव्यात दिसतं. लिहिलेलं वजन एका घोडीचं की जोडीचं, तेही विचारावं, कारण बऱ्याच ठिकाणी ते जोडीचं असतं. मला स्वतःला आरपार पिन घालायची घोडी जास्त पटते. उंची कमी-जास्त करायला ती गैरसोयीची आहे, पण पिन दोन्ही भोकांतून बाहेर आलेली डोळ्यांनी दिसते. खटका दिसत नाही.

आणि सगळ्यात आधी, खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि आयात केलेली असेल तर कोणत्या देशात बनली ते छापलेलं आहे का, हे पाहावं. वेष्टनबंद मालावर हे छापणं आपल्या कायद्याने बंधनकारक आहे. अमेरिकेतल्या १७ लाख घोड्या परत मागवता आल्या, कारण प्रत्येकीवर वस्तू-क्रमांक होता आणि लोकांना आपल्या घोडीचा क्रमांक ताडून पाहता आला. शिवाय तिथे घोडी ही मोटारवाहनाचं साहित्य मानली जाते, म्हणून गाड्यांची रिकॉल हाताळणारं खातंच तिच्या मागे लागलं. आपल्या ऑनलाइन बाजारात दर महिन्याला नाव बदलणाऱ्या ब्रँडचा जॅक सदोष निघाला, तर कुणी कुणाला कळवायचं?

कायद्यात मात्र त्याची सोय झाली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुलै २०२०पासून लागू झाला. त्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेसाठी उत्पादकालाच नव्हे तर विक्रेत्यालाही जबाबदार धरण्याची तरतूद आहे. याच कायद्याने आलेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आदेश काढता येतो. २०२२ मध्ये मानकात न बसणारे प्रेशर कुकर विकल्याबद्दल या प्राधिकरणाने मोठ्या ऑनलाइन बाजारांना दंड ठोठावला आणि कुकर परत घेऊन पैसे द्यायला सांगितलं. कुकरच्या बाबतीत जे होऊ शकलं ते जॅकच्या आणि घोडीच्या बाबतीतही व्हायला हवं, आणि त्यासाठी तक्रारी पोचल्या पाहिजेत. जॅक बसला, घोडीचा खटका सुटला आणि सुदैवाने कुणाला काही झालं नाही, तर आपण हुश्श करतो आणि नवा जॅक घेतो. तसं करू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. घेतानाच बिल, खोकं आणि वस्तूवरचा क्रमांक यांचे फोटो काढून ठेवावेत, आणि मोडलेले तुकडे तक्रार निकाली निघेपर्यंत टाकू नयेत. त्यानंतरही घोडी अख्खी भंगारात देऊ नये; दांडा कापून द्यावा, नाहीतर रंगाचा एक हात मारून ती जुन्या बाजारातून दुसऱ्या कुणाच्या गाडीखाली जाऊ शकते.